कोणी न सांगता मोडेम फोन लावतो तेव्हा

सगळ्यात आधी एक विनंती. मोडेमचा स्पीकर बंद करू नका. त्या खरखरीला कंटाळून बरेच जण पहिल्याच आठवड्यात सुरुवातीच्या कमांडमध्ये एटीएम० घालतात (पैशांच्या यंत्राशी याचा संबंध नाही, एटी हा मोडेमला हाक मारायचा शब्द आणि एम म्हणजे स्पीकर). मग मोडेम गुपचूप फोन लावायला लागतो आणि हे प्रकरण बिल आल्यावरच कळतं. एटीएम१ ठेवा. नंबर फिरेपर्यंत आणि समोरचा मोडेम उत्तर देईपर्यंतच आवाज येतो, कनेक्शन जुळलं की शांतता.

हा लेख लिनक्स किंवा फ्रीबीएसडीसारखी प्रणाली घरच्या संगणकावर चालवणाऱ्या, पण नेटवर्कच्या भानगडीत नव्याने पडलेल्या माणसासाठी आहे. जुनं मशीन आणि टेलिफोनची तार असो किंवा सिमकार्डवाला मोडेम, फोन लावणारा प्रोग्राम पीपीपीडीच असेल तर यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा.

आधी हे समजून घ्या

मोडेम स्वतःहून काही करत नाही. त्याला कोणीतरी सांगतं, आणि ते सांगणं फार साध्या पद्धतीने होतं. पीपीपीडीला 'डिमांड' हा पर्याय दिला की तो फोन न लावताच पीपीपी० नावाचा इंटरफेस उभा करतो. कर्नलला वाटतं, बाहेर जायचा रस्ता तयार आहे. कोणत्याही प्रोग्रामने बाहेरच्या पत्त्यावर एक पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) टाकलं की ते या रस्त्यावर येतं, पीपीपीडी ते पकडून ठेवतो, फोन लावतो आणि लाइन जुळली की पुढे पाठवतो.

म्हणून 'मोडेमने उगाच फोन लावला' याचं भाषांतर 'कोणीतरी एक पॅकेट बाहेर टाकलं' असं करायचं. शोध त्या पहिल्या पॅकेटचा आहे. ते सापडलं की बाकीचं अर्ध्या तासाचं काम. न सापडता एकेक सेवा बंद करत बसलात तर मशीन लंगडं होतं आणि फोन लागायचा तो लागतोच. हे मी अनुभवाने सांगतोय, तो अनुभव पुढे येईल.

पायरी १: फोन लावण्याची परवानगी कोणाकोणाला आहे ते पाहा

/ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स ही फाइल आणि शेजारच्या पीअर्स फोल्डरमधल्या फाइली उघडा. 'डिमांड' आहे का? 'पर्सिस्ट' आहे का? पर्सिस्ट म्हणजे लाइन तुटली की पुन्हा लाव. गंमत अशी की डिमांड दिलं की पर्सिस्ट आपोआप लागू होतं. ते नको असेल तर डिमांडच्या नंतर 'नोपर्सिस्ट' लिहावं लागतं. 'आयडल' समोरचा आकडा सेकंदांत असतो, तेवढा वेळ हालचाल झाली नाही की लाइन कापली जाते. आयडलच नसेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे: फोन उगाच लागत नाहीये, लागलेला सुटत नाहीये.

डिमांड कुठेच नसेल तर कोणी तरी थेट पीपीपीडी चालवतंय. रूटचा क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी क्रॉनने करायच्या कामांची यादी) पाहा, मग इतर वापरकर्त्यांचे. डायलआउट किंवा डिप या गटांत कोण आहे तेही पाहा. आणि चॅट स्क्रिप्टमधला (मोडेमला नंबर फिरवायला सांगणाऱ्या फाइलीतला) नंबर एकदा डोळ्यांनी वाचा. तो तुमच्या इंटरनेट कंपनीचाच आहे ना? महागड्या नंबरांना फोन लावणारे खोडसाळ प्रोग्राम मुख्यतः विंडोजवर फिरायचे, पण नंबर वाचायला दहा सेकंद लागतात.

पायरी २: वेळा लिहून काढा

पीपीपीडी आपली हकिगत सिसलॉगला, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीला, सांगतो. /व्हार/लॉग फोल्डरमधल्या मेसेजेस, सिसलॉग किंवा डेमन.लॉग या फाइलींपैकी एकीत ती सापडेल. 'स्टार्टिंग लिंक' ही ओळ शोधा, तीच फोन लावायला घेतल्याची वेळ. शेवटी 'कनेक्ट टाइम' आणि किती बाइट गेले, किती आले, हेही येतं. पाचशे बाइट गेले आणि आठशे आले, तर कोणी वेबपान पाहत नव्हतं हे उघड आहे. एवढ्याशा बाइटांत फार तर दोन-चार नावं विचारून होतात.

आता कागद घ्या आणि दोन दिवसांच्या वेळा एकाखाली एक लिहा. नेमका दर तासाने किंवा दर पंधरा मिनिटांनी फोन लागत असेल तर मेलची रांग तपासणारा प्रोग्राम. संगणक सुरू करताना लागत असेल तर सेंडमेल (मेल पाठवणारा प्रोग्राम), नेमसर्व्हर (नावावरून आकडी पत्ता सांगणारा) किंवा घड्याळ जुळवणारा प्रोग्राम. घरातलं दुसरं विंडोज मशीन चालू केलं की लागत असेल तर सांबा (विंडोज मशीनांशी फाइली वाटून घेणारा प्रोग्राम) आणि नेटबायॉस (त्या मशीनांची एकमेकांना शोधायची रीत). तुम्ही काम संपवून लाइन तोडल्यावर दोन-तीन मिनिटांत पुन्हा लागत असेल तर अर्धवट राहिलेली टीसीपी कनेक्शनं. आणि रोज पहाटे ठरावीक मिनिटाला लागत असेल तर क्रॉन.

एक सावधगिरी: चॅटला बोलकं करणारा -व्ही पर्याय दिला असेल तर लॉगमध्ये पासवर्डही उमटू शकतो. मदतीसाठी कोणाला लॉग पाठवण्याआधी तो खोडा.

पायरी ३: पहिलं पॅकेट पकडा

यासाठी टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम. रूट होऊन अशी कमांड द्या: टीसीपीडम्प -एन -एस १५०० -आय पीपीपी०. मग वाट पाहा. रात्रभर चालवायचं असेल तर -डब्ल्यू देऊन फाइलमध्ये साठवा आणि सकाळी -आर देऊन वाचा.

यातला -एन कधीही विसरू नका. तो नसेल तर टीसीपीडम्प प्रत्येक आकडी पत्त्याचं नाव शोधायला नेमसर्व्हरकडे जातो, म्हणजे स्वतःच पॅकेट टाकतो, म्हणजे फोन लागतो. चोर पकडायला बसवलेला पहारेकरीच घर फोडतो. नेटस्टॅट (उघडी कनेक्शनं दाखवणारी), रूट (पॅकेटांचे रस्ते दाखवणारी कमांड, रूट वापरकर्ता नव्हे) आणि एलएसओएफ (कोणत्या प्रोग्रामने काय उघडलंय ते दाखवणारी) या कमांडींनाही -एन द्यायची सवय लावा. 'मी काहीच केलं नाही, फक्त नेटस्टॅट दिलं' असं म्हणणाऱ्याने नेमकं हेच केलेलं असतं. -एस १५०० एवढ्यासाठी की जुन्या टीसीपीडम्प आवृत्त्या प्रत्येक पॅकेटचे पहिले ६८ बाइटच उचलतात आणि नेमकं विचारलेलं नाव कापलं जातं.

आता दिसणारी ओळ नीट वाचायला शिका. डावीकडे वेळ. मग तुमचा पत्ता आणि पोर्ट (कोणती सेवा हे सांगणारा आकडा). लाइन अजून जुळलेली नसेल तर हा १० ने सुरू होणारा तात्पुरता पत्ताही असू शकतो, घाबरू नका. मग बाण. मग समोरचा पत्ता आणि पोर्ट. पोर्ट ५३ म्हणजे नाव विचारणं, १२३ म्हणजे घड्याळ, १३७ आणि १३८ म्हणजे विंडोजवाल्या मशीनांची आपापसातली हाकाटी, २५ म्हणजे मेल पाठवणं, ११० म्हणजे मेल आणणं.

बहुतेक वेळा ५३ च निघेल. तिथे थांबू नका, कारण खरी माहिती त्याच्या पुढच्या अक्षरांत असते. 'ए?' असेल तर कोणाला तरी एखाद्या नावाचा पत्ता हवाय. 'एमएक्स?' असेल तर कोणी तरी मेल पाठवतंय. 'पीटीआर?' असेल तर कोणी तरी आकड्यावरून नाव शोधतंय. या शेवटच्या प्रकारात पत्ता उलटा लिहिलेला दिसतो. १९२.१६८.१.५ बद्दल विचारणा असेल तर ५.१.१६८.१९२ आणि पुढे इन-अ‍ॅडर.आर्पा. तुमच्याच घरातल्या मशीनचं नाव बाहेरच्या जगाला विचारलं जातंय! १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत, तुमच्या घरातलं नाव बाहेर कोणालाच माहीत असणार नाही. फोन लागतो आणि उत्तर येतं, 'ठाऊक नाही.'

जुन्या लिनक्सवर पीपीपीडीऐवजी डायल-डी हा प्रोग्राम पहारा देत असेल, किंवा फ्रीबीएसडीवर पीपीपी -ऑटो चालत असेल, तरी रीत हीच. फ्रीबीएसडीच्या पीपीपीमध्ये 'सेट लॉग' मध्ये टीसीपी/आयपी जोडलं की पॅकेटांच्या नोंदी त्याच्याच लॉगमध्ये येतात आणि टीसीपीडम्पचीही गरज उरत नाही.

पायरी ४: पॅकेट टाकणारा प्रोग्राम कोणता?

पॅकेटवर पाठवणाऱ्याचं नाव नसतं. टीसीपी असेल तर नेटस्टॅट -एनपी किंवा एलएसओएफ -एन -पी -आय (इथला पी कॅपिटल) देऊन प्रोग्राम दिसतो. नाव विचारणारं पॅकेट यूडीपीचं, म्हणजे कनेक्शन न जोडता पाठवलेलं, असतं, क्षणात जातं आणि सॉकेट मिटतं. पण इथे मोडेमचा मंदपणा कामी येतो. लाइन जुळायला वीस-तीस सेकंद लागतात. तोवर विचारणारा प्रोग्राम उत्तराची वाट पाहत ताटकळतो, कारण नेहमीच्या मांडणीत तो पाच सेकंद थांबून पुन्हा विचारतो. तेवढ्यात त्याला पकडायचं. एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहा जी दर सेकंदाला पोर्ट ५३ साठी एलएसओएफ चालवून निकाल वेळेसकट फाइलमध्ये टाकते. टेलिफोनची तार भिंतीतून काढून ठेवा. मोडेम 'नो डायलटोन' म्हणत राहील, बिल वाढणार नाही, आणि अपराधी रांगेत उभा राहील.

त्यामानाने नव्या लिनक्स कर्नलवर आयपीटेबल्सच्या (कर्नलच्या पॅकेट-गाळणीच्या) आउटपुट साखळीत लॉगचा नियम घालून त्याला 'लॉग-यूआयडी' द्या, म्हणजे पॅकेट कोणत्या वापरकर्त्याचं हे कळतं. घरी स्वतःचा नेमसर्व्हर चालवत असाल तर मात्र सगळ्या विचारणा त्याच्याच नावावर दिसतील. तिथे आरएनडीसी क्वेरीलॉग देऊन त्याला कोण विचारतंय ते पाहा.

नेहमीचे अपराधी

आता तो अनुभव. माझ्याकडे रोज पहाटे चार वाजून दोन मिनिटांच्या आसपास मोडेम शिट्ट्या मारायचा. रेड हॅटच्या क्रॉनटॅबमध्ये रोजची कामं ४:०२ लाच लावलेली असायची, त्यामुळे क्रॉनवर संशय घेणं बरोबर होतं. पण मी पॅकेट न पाहता अंदाज केला. त्या वेळी डिस्क घरघरते ती फाइलींची यादी बनवणाऱ्या अपडेटडीबीमुळे, म्हणजे तोच असणार. त्याला काढून टाकलं. दुसऱ्या पहाटे ४:०२, शिट्ट्या. मग एकेक स्क्रिप्ट काढत आठवडा घालवला. शेवटी टीसीपीडम्प लावून झोपलो, आणि सकाळी एकच ओळ: 'एमएक्स?' आणि पुढे माझ्याच मशीनचं मी ठेवलेलं नाव.

झालं होतं असं. लॉग फिरवणाऱ्या स्क्रिप्टला एक फाइल सापडत नव्हती, तेवढी एक ओळीची तक्रार ती छापायची. क्रॉनचा नियम असा की कामाने काही छापलं तर ते मालकाला मेल करायचं. मालक रूट, पत्ता रूट ॲट माझं मशीन. सेंडमेलने तो पत्ता पक्का करून घ्यायला नेमसर्व्हरला विचारलं. नेमसर्व्हर तारेच्या पलीकडे. म्हणून फोन. स्क्रिप्ट निर्दोष, क्रॉन निर्दोष, अपडेटडीबी तर बिचारं नेटवर्कच्या वाटेलाही जात नाही. मेल एकाच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात जायची होती आणि तिने गावभर चौकशी केली.

उपाय दोन. एक, मशीनचं नाव /ईटीसी/होस्ट्समध्ये नीट लिहा: आधी आकडी पत्ता, मग पूर्ण नाव, मग छोटं नाव, याच क्रमाने. छोटं नाव आधी लिहिलं तर सेंडमेल सुरू होताना 'माझं पूर्ण नाव कळत नाही, थोडा झोपतो आणि पुन्हा पाहतो' अशा अर्थाचा संदेश देऊन मिनिटभर अडून बसतो. घरातली सगळी मशीनं याच फाइलमध्ये लिहा, आणि /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फमध्ये होस्ट्सच्या ओळीत 'फाइल्स' हे 'डीएनएस'च्या आधी आहे ना ते पाहा. एवढ्याने 'पीटीआर?'वाली बरीच पॅकेटं थांबतात. दोन, सेंडमेलला 'नोकॅनॉनिफाय' हे फीचर द्या आणि रांग तपासायची वेळ, म्हणजे -क्यू१एच सारखा पर्याय, काढून टाका. रांग रिकामी करायचं काम /ईटीसी/पीपीपी/आयपी-अप या स्क्रिप्टमध्ये सेंडमेल -क्यू लिहून करून घ्या. ही स्क्रिप्ट लाइन जुळल्यावर आपोआप चालते. सेंडमेलऐवजी पोस्टफिक्स असेल तर 'डिफर_ट्रान्सपोर्ट्स' मध्ये एसएमटीपी लिहा, 'रिलेहोस्ट' मध्ये कंपनीचा मेलसर्व्हर द्या आणि 'डिसेबल_डीएनएस_लुकअप्स' चालू करा.

घड्याळ जुळवणारा एनटीपीडी नेहमीच्या मांडणीत दर ६४ ते १०२४ सेकंदांनी सर्व्हरला विचारतो. पाच मिनिटांचा आयडल असेल तर सुरुवातीच्या काळात लाइन सुटतच नाही. डायल-अपवर तो मुळात चालवूच नये असं माझं मत आहे. त्याऐवजी क्रॉनी घ्या, त्याला क्रॉनीसी ऑनलाइन आणि क्रॉनीसी ऑफलाइन असं सांगता येतं. पहिलं आयपी-अपमध्ये, दुसरं आयपी-डाउनमध्ये.

मेल आणणारा फेचमेल डेमन म्हणून (सतत मागे चालू ठेवून) चालवत असाल तर त्याच्या फाइलमध्ये 'इंटरफेस' आणि 'मॉनिटर' हे पर्याय आहेत: लाइन नसेल तर मेल आणायला जाऊ नको, आणि दुसरं कोणी लाइन वापरत नसेल तर तीही अडवू नको. सांबाच्या फाइलमध्ये 'डीएनएस प्रॉक्सी = नो' लिहा. नाहीतर विंडोज मशीनने मारलेली हाक सांबा बाहेरच्या नेमसर्व्हरपर्यंत पोचवतो. घरातला नेमसर्व्हर बाइंड असेल तर त्याच्या मांडणीत 'डायलअप येस' आहे, त्याने झोनच्या देखभालीची कामं एकत्र केली जातात. ब्राउझरचं सुरुवातीचं पान कोरं ठेवा, मेल वाचायच्या प्रोग्रामचं दर दहा मिनिटांनी तपासणं बंद करा. यात सांगण्यासारखं फार नाही, पण विसरतात सगळे.

लाइन तोडल्यावर लगेच परत लागते

हे वेगळं प्रकरण आहे. तुम्ही लाइन तोडली तेव्हा एखादं टीसीपी कनेक्शन उघडंच राहिलं. टीसीपी चिवट असतो, उत्तर आलं नाही की तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, आधी लवकर लवकर, मग अंतर वाढवत. त्यातलं प्रत्येक पॅकेट फोन लावायला पुरेसं. वर दुसरी गंमत: पुन्हा लाइन लागली की कंपनी बहुधा नवा पत्ता देते आणि जुनं कनेक्शन जुन्या पत्त्याचं असतं, म्हणजे ते कधीच पूर्ण होणार नाही.

लाइन तोडण्याआधी ब्राउझर आणि बाकीचं बंद करा हा साधा उपाय. लिनक्सवर /प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/आयपी_डायनअ‍ॅडर मध्ये १ लिहिल्यास कर्नल बदलत्या पत्त्याची दखल घेतो. हे मुख्यतः फोन लागत असताना उघडलेल्या कनेक्शनांसाठी आहे, पण डिमांड वापरणाऱ्या प्रत्येकाने ते चालू ठेवावं.

उलटही होतं. तुम्हाला मिळालेला पत्ता पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्याकडे होता, त्याच्यासाठी येणारी पॅकेटं आता तुमच्या दारात. तुम्ही काहीच करत नसता, पण प्रत्येक येणारं पॅकेट आयडलचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं आणि लाइन सुटत नाही.

फिल्टर, पण शेवटी

यासाठी पीपीपीडीला 'ॲक्टिव्ह-फिल्टर' आहे. भाषा टीसीपीडम्पचीच, त्यामुळे आतापर्यंत शिकलेलं वाया जात नाही. नियमात बसणारं पॅकेटच 'हालचाल' मानलं जातं: तेच फोन लावू शकतं, तेच आयडलचं घड्याळ मागे नेऊ शकतं. 'आउटबाउंड' लिहिलं की बाहेरून येणारी पॅकेटं हिशेबातून गेली. त्याला जोडून यूडीपी पोर्ट १२३ नको, १३७ आणि १३८ नको, असं म्हणता येतं. पीपीपीडी आणि कर्नल दोन्ही फिल्टरची सोय धरून बांधलेले असावे लागतात, नसल्यास पीपीपीडी हा पर्याय ओळखतच नाही.

फक्त पोर्ट ५३ वर बंदी घालू नका. नवशिक्या माणसाला लॉगमध्ये सगळीकडे ५३ दिसतो आणि हा मोह होतोच. पण तुम्ही स्वतः वेबपान उघडता तेव्हाही पहिलं पॅकेट ५३ चंच असतं. ते अडवलं की फोन कधीच लागणार नाही आणि तुम्ही मोडेम बिघडला म्हणून त्याचे स्क्रू खोलत बसाल.

मोडेम फोन लावत नसून उचलत असेल, म्हणजे घंटा वाजल्यावर खरखरत असेल, तर वरचं काहीच लागू नाही. एटीएस०=० द्या, म्हणजे तो आपण होऊन फोन उचलणार नाही.

आणि घरात एकच संगणक, एकच वापरणारा असेल, तर डिमांड हवंच कशाला असाही विचार करा. पॉन म्हटलं की लागेल, पॉफ म्हटलं की सुटेल. मी घरात दुसरं मशीन येईपर्यंत तसंच वापरत होतो.

दुरुस्ती झाल्यावर खात्री करायची असेल तर टेलिफोनची तार पुन्हा भिंतीतून काढा, मशीन एक अख्खा दिवस आणि रात्र चालू ठेवा, पहाटेची क्रॉनची वेळ त्यात आली पाहिजे. मग लॉगमध्ये 'स्टार्टिंग लिंक' मोजा. एकही ओळ आली तर टीसीपीडम्पची फाइल उघडा आणि तिसऱ्या पायरीवर या.